वरची ओळ

फ्रीजची पिन काढायची, पंखा बंद करायचा, खिडक्या ओढून घ्यायच्या आणि मगच गाणं लावायचं, हा बाबांचा नियम. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी नियमाला काही झालं नव्हतं. थोरला आणि धाकटी या भावाबहिणीच्या जोडीचं नवं गाणं रेकॉर्ड कंपनीकडे जाण्याआधी या पुढच्या खोलीत वाजायचं. सगळ्यांनी ते एकदाच ऐकायचं आणि मग एकेकानं मत द्यायचं. सुरुवात घरातल्या सगळ्यांत नव्या माणसानं करायची, म्हणजे मोठ्यांकडे बघून कोणी उगाच मान डोलावणार नाही. ज्या दोघांनी गायलंय त्यांनी शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. एकोणीस वर्षांत इथं दोनच गाणी नापास झाली आणि दोन्हींच्या चाली खुद्द बाबांच्या होत्या, हे आत्या अजून चवीनं सांगते.

आज मात्र पिन काढायला वाकलेली आई बराच वेळ वाकलेलीच राहिली. सकाळी याच फ्रीजपाशी धाकटीनं तिला गाठलं होतं.

"आई, कंपनीचा फोन आला होता. त्यांना जोडी नकोय."

"नकोय म्हणजे? गाणं तर त्यांनीच मागितलं ना?"

"माझं एकटीचं मागितलंय. दादाला चाल करू दे म्हणाले, नाव टाकू म्हणाले, पण आवाज नको. उद्या अकरापर्यंत सांगायचंय. नाही म्हटलं तर दोघांचाही करार संपला."

"मग काय सांगितलंस तू?"

धाकटी छत्तीस वर्षांची बाई, पण खोटं बोलायच्या आधी अजून अंगठ्याचं नख कुरतडते. या वेळी कुरतडलं नाही, म्हणजे आता ती खरंच बोलणार, हे आईनं ओळखलं.

"हो म्हणणार आहे. आज ऐकणं झालं की दादाला सांगते आणि उद्या फोन करते."

"आणि त्यानं विचारलं, मी का नको, तर?"

धाकटीनं पाण्याची बाटली काढली आणि पाणी न पिताच परत ठेवली. या प्रश्नाचं उत्तर घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक असायला हवं, त्या एकट्याला सोडून.

थोरला दोन वर्षांपासून बेसूर गात होता. खालच्या सुरांत नाही हं, तिथं तो पूर्वीइतकाच खणखणीत. पण चाल वर चढली की तो सुराच्या जरासा खाली थांबायचा, आणि तिथंच ठाम उभा राहायचा. त्याला ते बरोबर वाटायचं. उलट वाद्यंच चढलीत असं तो म्हणायचा. एका वर्षात त्यानं तीन की-बोर्ड बदलले. चौथा आणला तेव्हा वाजवणाराच बदलला, बिचारा सोळा वर्षांपासूनचा सोबती होता, निमूटपणे वाजवायचं स्टूल उचलून गेला.

बरं, धाकटीचे कान तर ठणठणीत. मग तीसुद्धा त्याच्याबरोबर बेसूर का व्हायची? तिचं दुखणं वेगळं होतं आणि ते बाबांनी लावून ठेवलेलं होतं. बाबा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. उघड्या मैदानांवर जन्म गेला. थंडीत पितळ उतरतं, उन्हात चढतं, त्यामुळे वाद्य या वस्तूवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. धाकटी आठ वर्षांची असताना ते तिला थोरल्याच्या मागं उभी करायचे, तिचं कपाळ त्याच्या पाठीला टेकवायचे आणि म्हणायचे, "वाद्याकडे लक्ष द्यायचं नाही. वाद्य बिघडतं. दादा बिघडत नाही. दादाला धर." रोज संध्याकाळी तासभर, तब्बल चार वर्षं. पोरगी दादाच्या पाठीतून सूर घ्यायला शिकली. त्यातूनच तो आवाज तयार झाला, ज्याला लोक एका गळ्यातले दोन आवाज म्हणायचे. बाबांची पद्धत लागू पडली, आणि तेच मुळात वाईट झालं.

तर असं होतं. दादा खाली राहिला की ती त्याच्याबरोबर खाली. एकमेकांशी दोघं इतकी घट्ट की मधून दोरा जाणार नाही. फक्त वाद्यं एकीकडे आणि ही दोघं दुसरीकडे.

दोन महिन्यांपूर्वी मैदानावरच्या कार्यक्रमात हे हजारो लोकांनी ऐकलं. पुढच्या रांगेतली काही मंडळी हसली. त्याच रात्री त्या एका ओळीचा तुकडा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता आणि खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते इथं सांगण्यासारखं नाही. थोरल्याला घरच्यांनी सांगितलं, स्टेजवरचे स्पीकर खराब होते. तो म्हणाला, "मी तेव्हाच ओरडलो होतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावू नये म्हणून नियम केलेलं घर हे!

*

तीनच्या सुमाराला रेकॉर्डिस्ट आला. पहिल्या गाण्यापासून यांच्याबरोबर असलेला माणूस, स्टुडिओच्या काचेमागं बसून टक्कल पडलं, पण अजून चपला बाहेर काढून, पाय पुसून आत येतो. त्यानं लॅपटॉप टेबलावर ठेवला, बाबांच्या वेळच्या दोन मोठ्या स्पीकरना वायरी जोडल्या आणि कोपऱ्यातल्या की-बोर्डवर हात ठेवून उगाचच धूळ पुसल्यासारखं केलं. धाकटीकडे त्यानं एकदाच बघितलं. तिनं मान खाली घातली.

त्यांचं दोघांचं गुपित होतं. महिन्यापूर्वी गाणं रेकॉर्ड झालं, तेव्हा धाकटी एकटी मागं थांबली आणि म्हणाली, "मशीननं सरळ करता येतं ना?" येतं. त्यानं वरच्या ओळीतला एकेक सूर उचलून जागेवर बसवला होता, आधी तिचा, मग दादाचा. कोणालाही कळू नये इतकं सफाईनं. एकाचा आवाज दुरुस्त करणं त्याला नवीन नव्हतं, पैसेवाल्यांच्या पोरांना त्यानं असंच गायक बनवलं होतं. दादाच्या आवाजाला हात लावताना मात्र त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय रे, तब्येत बरी नाही का?" थोरल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "की आमच्या गाण्याचं टेन्शन आलंय?"

"टेन्शन कसलं, दादा."

"मला आलंय. हिनं काय लिहून ठेवलंय ऐकलंस ना? मी चाल दिली तेव्हा छान शब्द होते. कपाट, उशी, पाण्याचा जग."

आत्या खुदकन हसली. थोरला चाल बांधताना खोलीत दिसेल त्या वस्तूंची नावं गायचा, आणि धाकटी त्या वस्तू काढून तिथं माणसं बसवायची. त्यावरून दोघांची भांडणं व्हायची, दारं आपटायची, दोन दोन दिवस अबोला. मग एखाद्या सकाळी तो फोन करून फक्त म्हणायचा, "ठीक आहे, तुझी ओळ." आजपर्यंत कधीच उलटं झालं नव्हतं. शब्दांत तिचं चालायचं आणि सुरांत त्याचं.

"'तू निघालास तर दार ओढून घे, मी उठणार नाही,'" थोरला म्हणाला. "अगं, किती रडकं! कोणावर लिहिलंयस?"

"कोणावर नाही."

"जावई कुठला लपवून ठेवलाय का?"

"दादा, गप रे."

ते तिनं त्याच्यावरच लिहिलं होतं. कंपनीचा फोन यायच्या कितीतरी आधी, मैदानावरून परतताना गाडीत. मागच्या सीटवर तो झोपला होता, खूश होता, आणि ती मोबाईलवर लोकांचं लिहिणं वाचत होती.

*

गाणं साडेतीन मिनिटांचं होतं. थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी, ते ऐकत नव्हती. ती नवऱ्याचा चेहरा बघत होती, तो चेहरा कधी बदलेल याची वाट बघत. तो नेहमीसारखा डावा कान स्पीकरकडे करून बसला होता. उजव्या कानात शिट्टी वाजते म्हणून गेल्या वर्षी ती त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. तपासणी झाल्यावर तो गाडी काढायला गेला तेवढ्यात डॉक्टरांनी तिला थांबवलं. वरचे आवाज कमी होतायत, म्हणाले, आणि जे येतात ते खरे असतात त्याहून वेगळे, चढे ऐकू येत असतील. गाणारा माणूस आहे, त्याला नीट समजावून सांगा. ती खाली आली. तो स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून नवी चाल गुणगुणत होता. तिनं सांगितलं, औषधानं शिट्टी कमी होईल. तेव्हापासून तिची रोजची सकाळ त्याच वाक्यानं सुरू व्हायची.

वरची ओळ आली. मी उठणार नाही. दोन्ही आवाज स्वच्छ वर गेले आणि 'नाही'वर थांबले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्यानं डोळे मिटले. आणि थोरल्यानं जीभ चावल्यासारखा चेहरा केला.

गाणं संपलं. शेवटी घरात आलेली म्हणून वहिनीनं आधी बोलायचं.

"चांगलं आहे," ती म्हणाली.

"एवढंच?" आत्या म्हणाली. "अगं, काटा आला अंगावर! कित्येक दिवसांनी असं गायलात रे दोघं."

"आत्या, तुमची पाळी नंतर," वहिनी म्हणाली.

"मेली पाळी. आवडलं ते बोलले."

आई म्हणाली, "मला आवडलं." आणि ताबडतोब चहा टाकायला उठली. थोरल्यानं तिला हातानं खाली बसवलं.

"झालं सगळ्यांचं? आता मी बोलतो." तो रेकॉर्डिस्टकडे वळला. आवाज अगदी शांत होता. "हे काय केलंयस तू?"

"काय, दादा?"

"वरची ओळ चढलीय. माझी चढलीय, हिचीपण चढलीय. आम्ही असं गायलो नव्हतो. मी काय गातो मला माहीत आहे. कोणी हात लावला याला?"

रेकॉर्डिस्ट लॅपटॉपच्या वायरीशी चाळा करू लागला. बाकी सगळ्या जगाला फसवता आलं असतं. ज्याला सांभाळायला म्हणून हे केलं, नेमकं त्यालाच ते खुपेल, याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता. सरळ केलेला सूर दादाला वाकडा ऐकू येणार, हे इतकं साधं गणित.

"मी सांगितलं त्याला," धाकटी म्हणाली.

"तू? चांगल्या गाण्याची वाट लावायला सांगितलंस?"

"ते चांगलं नव्हतं, दादा. आपण खाली होतो. दोन वर्षं खालीच गातोय."

"खाली? आपण?" तो हसला. "आत्या, ऐकलंत? बाबांच्या तालमीत तयार झालेले आपण, आणि खाली!"

त्यानं आईकडे पाहिलं, आई सोफ्याच्या कव्हरची सुरकुती सारखी करत होती. मग त्यानं बायकोकडे पाहिलं.

"तुम्हाला वरचे सूर वेगळे ऐकू येतात," वहिनी म्हणाली. "कानामुळे. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं."

"तेव्हाच म्हणजे कधी?"

"गेल्या वर्षी."

"आणि तू मला औषध देत बसलीस?"

"काय सांगणार होते? तुम्ही गाडीत गात होतात हो!"

वहिनी मोठ्यानं बोलणारी बाई नव्हे. तिचा आवाज फुटला तशी आत्या, जी एरवी सुनेचं एक वाक्य सरळ जाऊ देत नाही, उठून तिच्याशेजारी जाऊन बसली. आईला ते टोचलं. पोराला एकटं पाडताहेत सगळ्या, असं वाटून ती म्हणाली, "अगं, पण एवढं काही नाहीये. थोडंसं तर आहे. स्पीकरमुळेसुद्धा..."

"आई, बास झालं स्पीकर-स्पीकर," धाकटी म्हणाली.

"म्हणजे मैदानावर..." थोरला म्हणाला आणि थांबला. पुढचं वाक्य त्याचं त्यालाच ऐकायचं नव्हतं. "की-बोर्ड ठीक होते?"

"ठीक होते, दादा," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"चारही?"

"चारही."

"आणि तो गेला, आपला वाजवणारा... त्याला माहीत होतं?"

"त्यानंच मला पहिल्यांदा सांगितलं."

थोरला उठला. त्याला पुरावा हवा होता, आणि कानांचा पुरावा आता चालणार नव्हता. "तुझ्या त्या मशीनवर काटा दिसतो ना, सुराचा? लाव." रेकॉर्डिस्टनं नाइलाजानं लॅपटॉपवर काटा उघडला आणि की-बोर्डवर वरचा एक सूर दिला. थोरल्यानं छाती भरून तो सूर गायला. भरदार, न हलणारा, तीस वर्षं रियाज केलेल्या माणसाचा आवाज. काटा मध्यावर यायला निघाला आणि अलीकडेच थांबला. त्यानं पुन्हा गायलं. काटा पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा त्यानं जोर लावला, कपाळाची शीर फुगली, तरी काटा तिथंच. चौथ्यांदा त्यानं गायलं नाही. नुसता बघत राहिला.

"मला तर आत बरोबर ऐकू येतंय," तो म्हणाला.

आई रडायला लागली.

*

कंपनीचं कोणी आणि कसं सांगितलं, हे नंतर घरात प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलं. खरं असं की धाकटीनंच सांगितलं, उभ्यानं, खिडकीकडे तोंड करून. जोडी नको, मी एकटी, उद्या अकरापर्यंत. सांगून झाल्यावर ती वाट बघत राहिली, तो ओरडेल, काहीतरी फेकेल, कृतघ्न म्हणेल. त्यानं यातलं काहीच केलं नाही.

"बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला.

"दादा, तू नाही म्हण. तू नाही म्हणालास तर मी नाही सांगते."

"का म्हणू? माझ्यामुळं तू दोन वर्षं लोकांची बोलणी खाल्लीस. मला कळू न देता माझ्याबरोबर खाली उतरलीस, वेडे." तो तिच्याजवळ आला. "एक सांग. तू मुद्दाम उतरत होतीस ना? मी एकटा पडू नये म्हणून?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण आज दुपारी या खोलीत पुरेसं खोटं बोलून झालं होतं.

"मुद्दाम नाही रे. मला तू असतोस तिथंच सूर सापडतो. दुसरीकडे सापडतच नाही."

"छट्! सवय आहे ती. मी नसलो की जाईल." त्याला एकदम हुरूप आला, जणू चालीतली एखादी अडलेली जागा सुटली. "गा. आत्ता गा. एकटी. मी तिकडे बसतो, आवाजसुद्धा काढत नाही. ए, की-बोर्डवर तिला सूर दे."

"आज नको, दादा," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"आजच. उद्या अकराला तिला फोन करायचाय. काय रे, भीती कसली? तिचे कान चांगले आहेत ना?"

"गाऊ दे तिला," आत्या म्हणाली. "पोरीला कधी एकटीला उभंच केलं नाही कोणी." बोलून झाल्यावर तिनं आईकडे रोखून पाहिलं, आणि आईला कळलं की हा टोला बाबांना होता, आणि बाबा नसल्यामुळं आपल्याला. चार वर्षं रोज संध्याकाळी पोरीचं कपाळ भावाच्या पाठीला टेकलेलं तिनं पाहिलं होतं. तेव्हा तिला त्यात फक्त माया दिसली होती.

धाकटी खोलीच्या मधोमध उभी राहिली. समोर पाठ नव्हती, सगळे चेहरेच होते. इतक्या चेहऱ्यांसमोर आपण कधीच गायलो नाही, हे तिला आज पहिल्यांदा जाणवलं. हजारो लोकांसमोरसुद्धा ती दादाकडेच वळून उभी असायची.

रेकॉर्डिस्टनं सूर दिला. ती गायला लागली. पहिल्या ओळी सुरेख गेल्या, आवाजात थोडी थरथर, पण सुरेख. आईनं डोळे पुसले. वहिनीनं आत्याचा हात धरला. होईल, होईल, असं त्या क्षणी खोलीतल्या सगळ्यांनाच वाटलं, आणि त्यात ती स्वतःही होती.

मग वरची ओळ आली. मी उठणार नाही. तिनं वर बघितलं, म्हणजे आतल्या आत, आणि तिथं की-बोर्डचा सूर होता, रेकॉर्डिस्ट हळूच दाबून तिला दाखवत होता, आणि त्याच्या किंचित खाली, दादा होता. दादाचा आवाज. दोन वर्षं ऐकलेला, अंगात मुरलेला, तो समोर तोंड मिटून बसला होता तरी तिच्या डोक्यात गात होता. कुठल्या सुरावर जायचं ते तिला लख्ख माहीत होतं. ती जोर लावून वर निघाली आणि दादापाशी थांबली. थांबली ते कळलंही, ऐकूही आलं. तिथून बोटभर वर सरकायला हवं होतं आणि सरकता येईना. तशीच ओळ संपवली. दुसऱ्यांदा ती ओळ आली, तेव्हा ती आणखी घाबरली आणि आणखी घट्ट धरून बसली. खालीच.

रेकॉर्डिस्टनं हळूच लॅपटॉपचं झाकण मिटलं. त्याला काट्याची गरज नव्हती आणि तो काटा दुसऱ्या कोणी बघावा असंही त्याला वाटत नव्हतं. आत्या जमिनीकडे बघत होती.

गाणं संपलं. पाळीप्रमाणं वहिनीनं आधी बोलायचं होतं. ती बोलली नाही. कोणीच बोललं नाही.

थोरला सोफ्यावरून उठला. त्याचे गाल ओले झाले होते.

"अरे, गप्प काय बसलात सगळे?" तो म्हणाला. "ऐकलंत ना? किती सुरात! आज दुपारपासून पहिल्यांदा या खोलीत काहीतरी सुरात लागलं!" त्यानं धाकटीचं डोकं दोन्ही हातांत धरलं. "वरची ओळ कशी बरोब्बर लागली! मी म्हटलं नव्हतं? तुला माझी गरज नाहीये गं. मी उगाच दोन वर्षं तुझ्या पायात आलो."

धाकटीनं त्याच्या खांद्यावरून पाहिलं. आई, वहिनी, आत्या, रेकॉर्डिस्ट. चौघांच्याही तोंडावर खरं लिहिलेलं होतं आणि चौघंही ते बोलणार नव्हते, हे तिला दिसलं. वहिनीचे ओठ हलले, पण नवऱ्याच्या ओल्या गालांकडे बघून ती थांबली.

"सांग ना," थोरला म्हणाला. "तुला कसं वाटलं? बरोबर लागलं ना?"

तिचा अंगठा तोंडापाशी गेला. नख दातांत धरून तिनं मान हलवली. "हो, दादा. लागलं."

"मग उद्याची वाट कशाला बघायची?" त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि कंपनीच्या माणसाचा नंबर शोधून कानाला लावला. मग दुसऱ्या कानाला, डाव्या. पलीकडून कोणीतरी उचललं.

"हां, मी बोलतोय. जोडीतला थोरला. नाही, नाही, भांडायला नाही फोन केला." तो हसत होता, डोळे पुसत होता. "माझी बहीण एकटी गाईल. हो, हो म्हणतेय ती. अहो, मी स्वतः ऐकलं आत्ता. माझ्या कानांनी ऐकलं."